बाटलीचं झुंबर

पिंपरीत कंपनीच्या गेटबाहेर प्लास्टिकची रिकामी बाटली दिसते ना?
ती कचरा नव्हे,
कच्चा माल आहे.

२०१२ साली स्पेनचे डिझायनर अल्वारो कातालान दे ओकोन यांनी
कोलंबियातल्या विणकरांसोबत
बाटल्यांचे दिवे घडवले.

बाटलीचं अंग उभं चिरून पट्ट्या करायच्या.
त्या पट्ट्यांतून रंगीत धागे विणायचे,
आपले बुरूड टोपली विणतात तसे.
बाटलीच्या तोंडातून वायर जाते.
असे दिवे आज उंची दिवाणखान्यांत लटकतात.

पुण्यात ‘रीचरखा’ ही संस्था जुन्या प्लास्टिक पिशव्यांच्या पट्ट्या हातमागावर विणते.
म्हणजे कसब आपल्याकडेही आहे!

बाटलीचा दिवा केलात, तर बल्ब मात्र एलईडीच लावा.
साध्या बल्बच्या उष्णतेनं बाटली मऊ पडते.

पुन्हा सांगते,
बाटली कच्चा माल आहे.
ती कोरडी, वेगळी ठेवा
आणि कचरावेचक ताईंच्या हाती द्या.