लेकराकडे अमेरिकेला निघताना



मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत नोकरीला आणि आईवडील इकडे, अशी घरं आता फक्त जालना शहरातच नाहीत. अंबड, परतूर, भोकरदनकडच्या गावांतूनही आहेत. उन्हाळा तापू लागला की यातली काही मंडळी निघतात. कोणी लेकीच्या बाळंतपणाला, कोणी नुसतं लेकरांचं घर बघायला. मुलं तिकडून व्हॉट्सॲपवर भल्यामोठ्या सूचना धाडतात. त्या बरोबरच असतात, पण तिकडे बसून लिहिलेल्या असतात. मी आज इकडच्या बाजूनं बोलणार आहे. ‘सगळं पोरगा बघतो’ असं म्हणून निघू नका. व्हिसाच्या खिडकीशी, विमानतळावर, आणि भर दुपारी त्या बंद घरात पोरगा तुमच्या शेजारी नसतो.

व्हिसापासून सुरुवात करू. अर्ज मुलगाच ऑनलाइन भरतो, ते ठीक आहे. पण मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात उभं तुम्हालाच राहायचं असतं. आत मोबाइल नेऊ देत नाहीत, म्हणजे मुलाला फोन लावून विचारायची सोय नाही. भरलेल्या अर्जाची प्रत मागवून घ्या आणि घरी निवांत वाचा. मुलगा कुठल्या शहरात राहतो, कंपनी कोणती, किती दिवस राहणार, खर्च कोण करणार, एवढं आपल्या तोंडानं सांगता आलं पाहिजे. इंग्रजीचं दडपण घेऊ नका, मराठीत बोलता येतं. इकडे शेती आहे, पेन्शन आहे, दुकान आहे, हे सांगायला संकोच कसला? तुम्ही परत येणार याचा पुरावा तोच असतो.

व्हिसा बहुधा दहा वर्षांचा मिळतो आणि तिथंच गैरसमज होतो. दहा वर्षं हा तिथल्या दारापर्यंत जायचा परवाना झाला. आत किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, सहसा सहा महिने. ती तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत असते आणि ही नोंद ऑनलाइन बघायला मिळते. पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी ती मुलाकडून काढून घ्या आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा. तारीख उलटूनही राहिलात तर दहा वर्षांचा तो व्हिसा बाद होतो.

आता तिकीट. अमेरिकेकडची बरीच विमानं मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ तारीख, रात्री दीडची वेळ असेल, तर विमानतळावर १४ तारखेच्या रात्रीच हजर व्हायचं. १५ला सकाळी जालन्याहून निघालेल्या माणसाचं विमान तोवर गेलेलं असतं. समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण झाला, त्यामुळे मोटारीचा प्रवास सोपा झाला आहे. पण समृद्धीवर वाचवलेला वेळ पुढे मुंबईच्या गर्दीत जातो, एवढं धरून चाला. वंदे भारतनं दुपारी मुंबई गाठून नातेवाइकांकडे चार तास पाठ टेकणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगून ठेवा. पाय धडधाकट आहेत म्हणून काहींना त्याची लाज वाटते. अहो, ती खुर्ची चालता येत नाही एवढ्यासाठीच नसते. खुर्ची ढकलणारा माणूस तुम्हाला एका विमानातून दुसऱ्यापर्यंत बिनचूक नेतो, पाट्या वाचाव्या लागत नाहीत, आणि त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. जेवणही आधीच नोंदवायचं असतं आणि इथं माळकरी मंडळींनी कान देऊन ऐकावं. यादीत ‘हिंदू मील’ असं लिहिलेलं असतं. नावावर जाऊ नका. त्यात गोमांस नसतं एवढंच, कोंबडी किंवा मासा असू शकतो. ‘एशियन व्हेजिटेरियन’ मागा. कांदा-लसूणही चालत नसेल तर ‘जैन मील’.

सामान हा खरा रणसंग्राम. साधारण २३ किलोच्या दोन बॅगा नेता येतात, पण आपल्या विमान कंपनीचा नियम तिकिटावर बघून घ्या. आयाबाया काय नेतात ते मला पाठ आहे: काळा मसाला, जवसाची आणि कारळाची चटणी, शेंगदाण्याचा कूट, कुरडया, पापड, लोणचं, डिंकाचे लाडू. यातलं बहुतेक जातं, पण खाण्याचं सगळं तिथं कस्टमला सांगायचं. सांगितलेली वस्तू नियमात बसत नसेल तर काढून घेतात आणि माणूस पुढे जातो. लपवलेली सापडली की दंड. मसाल्याची मोठी पुडी हातातल्या पिशवीत ठेवू नका. अमेरिकेच्या विमानात ३५० मिलिलिटरच्या डब्याहून जास्त पूड हाताशी असेल तर वेगळी तपासणी होते. लोणचंही मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत घट्ट बांधून, नाहीतर साड्यांना तेल.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नकोत. खोबऱ्यात तेल भरपूर, ते पेट घेतं, म्हणून विमानात त्याला मनाई आहे. दुबई किंवा अबूधाबीवरून जाणार असाल तर खसखस घरीच ठेवा. आपल्याकडे ती भाजीच्या वाटणात पडते, तिकडच्या कायद्यात ती अमली पदार्थांत मोडते. मसाल्यातही ती असते, म्हणून त्या वाटेनं जायचं असेल तर मसाला खसखशीवाचून कुटून घ्या.

आणि आता आपल्या जिल्ह्याची खास गोष्ट. मोसंबी. बागेतली चार मोसंबी नातवासाठी न्यावीत असं कुणाला वाटणार नाही? ताजी फळं नेता येत नाहीत, लिंबूवर्गीय तर मुळीच नाहीत. तसंच बियाण्याचं. बियाण्याच्या धंद्यासाठी नावाजलेलं हे शहर. पोराच्या परसात लावायला इथला बाप गवार-दोडक्याची पुडी खिशात घालतोच! पेरणीच्या बियांना वनस्पती-आरोग्याचा सरकारी दाखला लागतो. त्याशिवाय पुडी जप्त.

औषधांच्या बाबतीत मात्र हयगय नको. पूर्ण मुक्कामाला पुरतील एवढी, मूळ पाकिटातच, आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, त्यात कंपनीच्या नावाऐवजी औषधाचं मूळ नाव लिहिलेलं. तिकडचा डॉक्टर आपल्या गोळ्यांची बाजारातली नावं ओळखत नाही. साध्या पॅरासिटामॉललाच तिथं ॲसिटामिनोफेन म्हणतात. इन्सुलिन हातातल्या पिशवीत. पूर्व किनाऱ्याचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, तेव्हा डोस कसा सरकवायचा ते निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. विमा काढल्याशिवाय पाऊल टाकू नका. विमा घेताना एकच प्रश्न खोदून विचारा: आधीपासून असलेल्या बीपी-शुगरमधून काही उद्भवलं तर किती पैसे देणार? स्वस्तातल्या विम्याची मेख तिथंच असते.

घरची व्यवस्था लावूनच निघा. बँकेचा ओटीपी इथल्या सिमवर येतो, ते रिचार्ज करून चालू ठेवा. पेन्शनर मंडळी नोव्हेंबरात तिकडेच असतील तर हयातीचा दाखला ‘जीवन प्रमाण’वर मोबाइलमध्ये चेहरा दाखवून देता येतो, ते इथंच शिकून घ्या. शेतकऱ्यानं खरिपात जायचं तर ई-पीक पाहणी कोण करणार ते भावाशी किंवा वाटेकऱ्याशी बोलून ठरवावं. शेतात उभं राहून फोटो काढावा लागतो, तो अमेरिकेतून निघत नाही.

पोहोचल्यावर मिक्सर लावायला जाऊ नका. तिथं वीज ११०-१२० व्होल्टची, आपला मिक्सर २३०चा. फोडणी देताना आधी पंखा लावा, खिडकी उघडा. छताला धुराचं यंत्र असतं, मिरचीच्या ठसक्यानं ते बोंबलायला लागतं, आणि काही इमारतींत तेवढ्यावर बंबही येतो. खरंच संकट आलं तर ९११. पोलीस, दवाखान्याची गाडी, आग, सगळ्याला हाच एक नंबर.

तिकडची मुलंही आकाशवाणी मोबाइलवर ऐकतात, म्हणून दोन शब्द त्यांना. बाबांनो, आईवडिलांना शनिवार-रविवारी नायगरा दाखवाल, पण सोमवार ते शुक्रवार ते काय करतात? पहिल्याच आठवड्यात त्यांना घराची वेगळी किल्ली द्या. तिकडचं सिम घालून द्या, बस कुठून मिळते ते एकदा सोबत जाऊन दाखवा. गावातल्या सार्वजनिक वाचनालयात नेऊन सोडा. बऱ्याच ठिकाणी तिथं इंग्रजी बोलण्याचे फुकट वर्ग चालतात, आणि आपल्यासारखीच चिनी, मेक्सिकन आजी-आजोबा मंडळी तिथं भेटतात. आणि घराचा पत्ता मोठ्या इंग्रजी अक्षरांत कागदावर लिहून बाबांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवा, कारण त्या वसाहतीतली सगळी घरं एकसारखीच दिसतात.