वाद्यवृंदाच्या सुट्या पानांविषयीं दोन शब्द

(महोत्सवी मिस्सेच्या तालमींना आरंभ होण्यापूर्वीं गायकवादकांपुढें केलेलें भाषण)



महोत्सवाच्या निमित्तानें आपणांपुढें चार शब्द बोलावे अशी आज्ञा झाली, तेव्हां संगीताच्या थोरवीवर बोलावें असें प्रथम आमच्याहि मनांत आलें. परंतु त्या विषयावर अधिकारानें बोलणारे पुष्कळ आहेत; आमचा अधिकार त्याहून फार लहान वस्तूवर आहे. ती वस्तु म्हणजे कागद. आपणांपैकीं प्रत्येक वादकाच्या पुढ्यांतील स्टँडवर जें पान ठेविलेलें असतें, तें तयार करण्याचें काम गेलीं कित्येक वर्षें आम्हांकडे आहे. त्या पानाविषयींच आज बोलावें असें योजिलें आहे.

वाद्यवृंदाच्या लिखित संगीताचीं दोन रूपें असतात. एक स्कोअर. त्यांत सर्व वाद्यांच्या पंचरेषा एकाखालीं एक मांडलेल्या असतात, आणि कोण केव्हां वाजवितो, कोण केव्हां थांबतो, हें सारें एका दृष्टिक्षेपांत दिसतें. दुसरें रूप म्हणजे पार्ट. त्यांत एकाच वाद्याची ओळ असते. स्कोअर संचालकासाठीं, पार्ट वादकासाठीं. ज्याच्या हातीं काठी आहे त्याला सर्व दिसतें. ज्याच्या हातीं वाद्य आहे त्याला आपल्या एका ओळीपलीकडे कागदावर कांहींच दिसत नाहीं. या दोघांमधील अंतर भरून काढावयाचें तें पार्ट तयार करणाऱ्यानें. आमचें आजचें सारें म्हणणें एवढेंच आहे कीं, संगणक स्कोअरमधून पार्ट काढून देतो, परंतु हें अंतर तो भरून काढीत नाहीं. तें माणसानेंच भरावें लागतें.

हें आम्ही कोणत्या अनुभवावरून म्हणतों, तें सांगितल्यावांचून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेसाठीं एका गीताचा स्कोअर आम्हीं संगणकावर लिहिला. शेवटच्या कडव्यापूर्वीं चार बारांत लय हळूहळू मंद व्हावयाची होती. म्हणून 'रिटार्डान्डो' हा शब्द आम्हीं सर्वांत वरच्या, म्हणजे बांसरीच्या, पंचरेषेवर लिहिला. स्कोअरमध्यें तो सर्वांच्या माथ्यावर ठळक दिसत होता. मग एक कळ दाबली, आणि अकरा वाद्यांचे अकरा पार्ट क्षणांत तयार झाले. आम्हांला धन्यता वाटली. पानें छापलीं, वांटलीं आणि आम्ही निश्चिंत झालों.

तालमीच्या दिवशीं नेमका त्या चार बारांत गोंधळ उडाला. ज्यांचें लक्ष काठीकडे होतें ते कसेबसे सांवरले. परंतु दुसऱ्या क्लॅरिओनेटवर बसलेला एक तेराचौदा वर्षांचा मुलगा पानावर नजर खिळवून सरळ पुढें गेला. तो त्या वर्षींच वृंदांत आला होता. त्याला सर्वांदेखत बोल लावण्यांत आला. आणि बोल लावणाऱ्यांत आम्हीहि होतों. पुढच्या तालमीला तो आला नाहीं. त्याचें पान घरीं नेऊन पाहिलें, तेव्हां आमचे डोळे उघडले. त्या पानावर तो शब्दच नव्हता. या सॉफ्टवेअरमध्यें एका पंचरेषेपुरता मजकूर आणि सर्व वाद्यांना लागू असलेला मजकूर असे दोन निराळे प्रकार असतात. आम्हीं पहिला प्रकार वापरला होता. म्हणून तो शब्द बांसरीच्या पानावर उतरला आणि बाकीच्या दहा पानांवर उतरला नाहीं. मुलानें आपल्यापुढें जें होतें तें अगदीं बिनचूक वाजविलें होतें. चूक कागदाची, म्हणजे आमची होती. आम्ही त्याच्या घरीं गेलों, आईवडिलांसमक्ष त्याची क्षमा मागितली आणि दुरुस्त केलेलें पान त्याच्या हातीं दिलें. नाताळच्या रात्रीं तो वाजवावयास आला, हें त्याचें मोठेपण.

या कामाचें महत्त्व पूर्वीच्या लोकांना आम्हांहून अधिक कळत होतें. लायप्झिग येथें १७२३ पासून चर्चसंगीताची धुरा वाहणाऱ्या योहान सेबास्टियन बाखच्या घरीं नव्या कॅन्टाटांचे पार्ट उतरविण्याच्या कामीं त्याची पत्नी, मुलें व शिष्य यांचे हात लागत. त्यांतील पुष्कळ पानें आजहि जपून ठेविलेलीं आहेत. झां-झाक रूसो हा विख्यात तत्त्वज्ञ संगीताच्या नकला करून उदरनिर्वाह करी. त्याच्या १७६८ सालच्या संगीतकोशांत नक्कलकारावर स्वतंत्र लेख आहे. चांगल्या नकलेची पारख वादकाला होणाऱ्या सुखावरून करावी, आणि त्या सुखाचें कारण खुद्द वादकाच्याहि ध्यानांत येऊं नये, अशा आशयाचा विचार त्यानें तेथें मांडला आहे.

आपल्याकडेहि ही विद्या परकी नाहीं. गोव्यांतील पॅरिश शाळांतून मुलांना स्वरलेखन व व्हायोलिन शिकविण्याची परंपरा जुनी आहे. त्या परंपरेंतले वादक मुंबईस आले आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत त्यांनीं मानाचें स्थान मिळविलें. माजोर्डा गांवचे अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशन यांच्या गीतांची वाद्ययोजना करणारे सेबास्टियन डिसोझा, हीं नांवें आपणांस ठाऊकच आहेत. त्या काळीं ध्वनिमुद्रणाच्या वेळीं वादकापुढें येणारें प्रत्येक पान कोणाच्या तरी हातानें लिहिलेलें असे.

आतां टाक व शाई यांची जागा संगणकानें घेतली आहे. फिनाले हें सॉफ्टवेअर १९८८ सालीं आलें, सिबेलियस १९९३ सालीं. आरंभीं स्कोअरमधून काढलेले पार्ट सुटे होत, आणि मागाहून स्कोअरमध्यें केलेली प्रत्येक दुरुस्ती पार्टांतहि पुन्हां करावी लागे. सिबेलियसच्या २००५ सालच्या चौथ्या आवृत्तीनें स्कोअर व पार्ट एकमेकांशीं बांधून टाकले. एके ठिकाणीं स्वर बदलला कीं दुसऱ्या ठिकाणीं तो आपोआप बदलतो. आज म्यूझस्कोअर हें सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतें, आणि त्यांतहि ही सोय आहे. आमच्यासारख्या लहान धर्मग्रामावर हा मोठाच उपकार आहे. परंतु हातानें नक्कल करणारा प्रत्येक ओळ लिहितां लिहितां मनांतल्या मनांत वाजवून पाहत असे. कळ दाबणाऱ्याला तें मुद्दाम करावें लागतें. तें कसें करावें, हें आतां क्रमानें सांगतों.

पहिली गोष्ट खुणांची. लय बदलण्याच्या सूचना, तालमीसाठीं घातलेलीं 'अ', 'ब', 'क' हीं अक्षरें, हें सारें सर्वांना लागू असलेल्या प्रकारांतच लिहावें. उलटपक्षीं आवाज मृदु वा मोठा करण्याच्या खुणा ज्याच्या त्याच्या पंचरेषेवर स्वतंत्र घालाव्या. शेजाऱ्याच्या ओळीवरची खूण आपल्याला दिसत नाहीं, हें विसरूं नये.

दुसरी गोष्ट स्वरांतराची. बी फ्लॅट क्लॅरिओनेटवर लिहिलेला स्वर एक पूर्ण स्वर खालीं वाजतो, म्हणून तो तितकाच वर लिहावा लागतो. व्हायोलिन एफ मेजरमध्यें वाजवीत असेल, तर क्लॅरिओनेटच्या पानावर जी मेजर आणि ई फ्लॅट आल्टो सॅक्सोफोनच्या पानावर डी मेजर हवा. सॉफ्टवेअर हें गणित स्वतः करतें. परंतु वाद्य कोणतें, हें त्याला खरें सांगितलें पाहिजे. बांसरीच्या पंचरेषेवर ओळ लिहून तिचें नांव मात्र 'क्लॅरिओनेट' केलें, तर नांव बदलतें, वाद्य बदलत नाहीं, आणि सारें पान एका स्वरानें चुकतें. छापण्यापूर्वीं प्रत्येक पार्टाचा पहिला स्वर व स्केल ताडून पाहावें.

तिसरी गोष्ट विरामांची. ट्रम्पेटला ४० बार गप्प बसावयाचें असलें, तर सॉफ्टवेअर त्या ४० बारांची एकच जाड आडवी रेघ करून वर ४० हा आंकडा घालतें. जागा वांचते, पण माणूस मोजतां मोजतां चुकतो. मध्यें 'ब' हें अक्षर येत असलें, तर विराम तेथें तुटावा, म्हणजे १६ आणि २४ असे दोन तुकडे होतात, आणि चुकलेल्याला पुन्हां धागा सांपडतो. शिवाय प्रवेशापूर्वीं दोन बार, त्या वेळीं जें वाद्य स्पष्ट ऐकूं येतें त्याचे स्वर बारीक अक्षरांत दाखवावे. गायनवृंद गात असेल तर त्याचे शब्दच लिहावे. चाळीस बार गप्प राहून एकदम कर्णा तोंडाला लावणें हें धैर्याचें काम आहे. त्या वेळीं पानानें वादकाचा हात धरला पाहिजे.

चौथी गोष्ट पान उलटण्याची. व्हायोलिन वाजविणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. उजव्या हाताच्या पानाच्या अखेरीस त्याला विराम मिळाला नाहीं, तर तो एक तर स्वर सोडील किंवा पान पाडील. पहिलें पान उजवीकडे येतें, दुसरें व तिसरें समोरासमोर. म्हणून उलटणें पहिल्याच्या व तिसऱ्याच्या अखेरीस येतें. तेथें विराम येईल अशा बेतानें ओळी पुढेंमागें कराव्या. त्यासाठीं पानाचा खालचा भाग कोरा राहिला तरी चालेल. कागदाची काटकसर वादकाच्या जिवावर करूं नये.

पांचवी गोष्ट अक्षराच्या आकाराची. पार्टांत पंचरेषेची उंची सुमारें ७ ते ८ मिलिमीटर ठेवण्याचा प्रघात आहे. स्कोअर एका पानांत बसविण्यासाठीं बारीक केलेला असतो. तो बारीकपणा पार्टांत आणूं नये. आपले ज्येष्ठ वादक माळ्यावरच्या मंद उजेडांत वाजवितात, हें ध्यानीं असूं द्यावें. पहिला व दुसरा क्लॅरिओनेट स्कोअरमध्यें एकाच पंचरेषेवर असले, तरी पानें दोघांना निरनिराळीं द्यावीं, म्हणजे गर्दींतून आपला स्वर वेंचीत बसण्याचा प्रसंग कोणावर येणार नाहीं.

सहावी गोष्ट खास आपल्याकडची आहे. १९६३ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें उपासनेंत लोकभाषांना वाव दिला, आणि पुढें आपल्या मराठी गीतांबरोबर पेटी व तबला देवालयांत रुळले. तबलजीपुढें पंचरेषा ठेवून काय उपयोग? त्याला गीताचे शब्द, तालाचें नांव, ठेका कोठें सुरू होतो, कोठें थांबतो आणि लय कोठें उतरते, एवढें मोठ्या अक्षरांत लिहिलेलें पान हवें. पेटीवाल्याला सरगम वाचतां येत असेल, तर त्याचें पान सरगमांतच असावें. पार्ट म्हणजे त्या त्या माणसाला कळेल अशा लिपींत त्याच्यापुढें ठेविलेलें त्याचें काम.

हें सारें झाल्यावर पानें छापून, स्कोअर शेजारीं ठेवून, एकेक पार्ट आरंभापासून अखेरपर्यंत ताडून पाहावा. पडद्यावर न दिसणारी चूक कागदावर दिसते. प्रत्येक ओळीच्या आरंभीं बारांचा आंकडा आहे ना, आणि सर्व पार्टांच्या शेवटच्या बाराचा आंकडा एकच आहे ना, एवढें पाहिलें तरी निम्मे घोटाळे टळतात.

जतनाविषयीं एक शब्द. २०२४ च्या ऑगस्टमध्यें फिनालेच्या निर्मात्यांनीं त्याचा पुढील विकास थांबविल्याचें जाहीर केलें. छत्तीस वर्षें चाललेलें साधनहि थांबूं शकतें, हें त्यावरून कळलें. म्हणून आमच्या प्रत्येक गीताच्या तीन प्रती आम्ही ठेवितों: सॉफ्टवेअरची मूळ फाईल, दुसऱ्या सॉफ्टवेअरनेंहि उघडतां यावी अशी म्यूझिकएक्सएमएल फाईल, आणि वाचावयाची पीडीएफ. शिवाय छापलेला एक संच गायनवृंदाच्या कपाटांत असतो. पुढच्या महोत्सवाच्या वेळीं आमच्यापैकीं कोण असेल, कोण नसेल, हें देवाला ठाऊक. तेव्हांच्या मुलांना निदान आजचीं गीतें वाजवितां यावींत.

शेवटीं वादकबंधूंना व भगिनींना एक विनंति. महोत्सवी मिस्सेचीं पानें आज आपल्या हातीं येतील. आम्हीं तीं जपून तपासलीं आहेत. तरी चूक राहिली असेलच. शेजाऱ्याशीं आपला स्वर जुळत नाहीं असें वाटलें, तर मान खालीं घालून गप्प बसूं नका. प्रथम पानाकडे बोट दाखवा. प्रत्येक पानाबरोबर एक पेन्सिल दिलेली आहे. चुकीच्या जागीं खूण करा आणि तालीम संपल्यावर पान आमच्याकडे आणा. आम्ही तें त्याच रात्रीं दुरुस्त करूं. आणि तालमींत एखादा लहानगा चुकला, तर त्याला कांहीं बोलण्यापूर्वीं आपणांपैकीं जो वडील असेल त्यानें उठून त्याच्या खुर्चीमागें उभें राहावें व त्याचें पान वाचावें.

तो क्लॅरिओनेट वाजविणारा मुलगा आतां तरुण झाला आहे. या खेपेचे सर्व पार्ट छापण्यापूर्वीं त्यानें आमच्याबरोबर बसून ताडून पाहिले, आणि चौदा चुका काढल्या. त्याबद्दल आपणां सर्वांच्या वतीनें आम्ही त्याचे आभार मानतों.

प्रभु आपणां सर्वांची ही लहानशी सेवा रुजू करून घेवो. आतां पानें वांटावयास घेऊं.