क्रियापद नेमकं हवं

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आपल्या नाशिकमध्ये आहे. इथला विद्यार्थी बहुतेकदा दिवसभराचं काम आटोपून रात्री एकटाच पुस्तक उघडतो. शंका विचारायला शिक्षक शेजारी नसतात. म्हणून पुस्तकातल्या प्रत्येक घटकाच्या सुरुवातीलाच उद्दिष्टं हवीत: हा घटक अभ्यासल्यावर तुम्हाला काय करता येईल?

सगळी मदार उद्दिष्टातल्या क्रियापदावर असते. उदाहरणार्थ, ‘द्राक्षछाटणीची माहिती होईल’ हे वाक्य मला अपुरं वाटतं. माहिती झाली, हे ओळखायचं कशावरून? त्यापेक्षा लिहावं, ‘एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी यांतला फरक सांगता येईल, हातातली काडी किती डोळ्यांवर, म्हणजे किती कळ्या ठेवून, कापायची, हे ठरवता येईल.’ आता बागेत उभं राहून पडताळा घेता येतो.

अमेरिकेत शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये अशी उद्दिष्टं चढत्या पायऱ्यांवर मांडली. आठवणं ही सर्वांत खालची पायरी. आपले परीक्षेतले बरेचसे प्रश्न तिथेच घुटमळतात, याचं मला फार वाईट वाटतं.

शिक्षकहो, उद्दिष्टात ‘ठरवता येईल’ लिहिलं असेल, तर परीक्षेत नुसती व्याख्या विचारू नका. काडीचं चित्र द्या आणि विचारा, कुठे कापाल?