स्वयंअद्ययावत कार्यप्रणाली : निवड आणि जबाबदारी



कार्यालयातील सर्व्हरवर कोणती कार्यप्रणाली असावी, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा आहे, अशी आपली समजूत असते. परंतु ज्या यंत्रावर जनतेच्या नोंदी राहतात, त्याच्याविषयीचा निर्णय हा कारभाराचाही प्रश्न आहे.

२०१३ साली डॉकर हे साधन आले आणि कंटेनरची पद्धत झपाट्याने रूढ झाली. प्रोग्रॅम व त्याला लागणारे साहित्य एकाच बंदिस्त पेटीत ठेवावयाचे, अशी ही रीत आहे. त्यामुळे खालच्या लिनक्स प्रणालीकडे दोनच मुख्य कामे उरली : पेट्या चालविणे आणि स्वतः सुरक्षित राहणे. म्हणूनच अशा हलक्या प्रणालीत मोजकेच भाग ठेवतात. भाग जितके कमी, तितकी दोषांना जागा कमी.

तिची अद्ययावत होण्याची तऱ्हाही निराळी आहे. फ्लॅटकार या प्रणालीत दोन विभाग असतात. एकावर काम चालू असता दुसऱ्यावर नवी आवृत्ती उतरते आणि यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर ती कामाला लागते. ती सुरूच होऊ शकली नाही, तर यंत्र जुन्या विभागाकडे परतते. फेडोरा कोअरओएस व ओपनसुसे मायक्रोओएस यांतही मागील आवृत्तीवर जाण्याची सोय आहे.

तथापि या पद्धतीचा पाया घालणाऱ्या कोअरओएस कंटेनर लिनक्सचा अनुभव विसरता येणार नाही. २०१८ साली तिची कंपनी रेड हॅटने विकत घेतली आणि २६ मे २०२० रोजी त्या प्रणालीचा आधार संपला. यंत्रे त्या दिवशी बंद पडली नाहीत. ती चालूच राहिली. खरा धोका तोच होता. दुरुस्त्या थांबल्या, पण वापरणाऱ्याच्या नित्य कामात काहीच अडले नाही. फेडोरा कोअरओएसकडे जाणाऱ्यांना सर्व मांडणी नव्याने करावी लागली. २०१८ मध्येच त्या मूळ प्रणालीतून वेगळ्या निघालेल्या फ्लॅटकारकडे मात्र आहे त्या यंत्रावरच जाता आले.

म्हणून निवड करताना पुढील प्रश्न विचारावेत. प्रणालीमागे कोण उभे आहे? फ्लॅटकार २०२४ पासून क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशनच्या छत्राखाली आहे. एकट्या कंपनीवरील भिस्त त्यामुळे कमी होते. यंत्र पुन्हा केव्हा सुरू होईल? ती वेळ कामकाजाबाहेर ठरवून देता येते. ती अवश्य ठरवावी. पेटीतील प्रोग्रॅम कोण अद्ययावत करणार? खालची प्रणाली बदलली म्हणून तो आपोआप बदलत नाही. शेवटी, नोंदी कोठे आहेत? त्या पेटीबाहेर ठेवाव्यात आणि त्यांची प्रत अन्यत्र असावी. प्रणाली मागे फिरली, तरी पुसलेल्या नोंदी परत येत नाहीत.

दुरुस्त्या आपोआप येतात, ही मोठीच सोय आहे. त्या येत आहेत की नाहीत, हे पाहणारा माणूस मात्र नेमावाच लागतो. प्रणाली निवडण्यापूर्वी त्याचे नाव ठरवावे, एवढीच माझी विनंती आहे.