छत्रीला हात लावण्यापूर्वी



बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. नीरा डाव्या कालव्याचे पाणी शेतात पोचले नाही, तर तो उसात उभा राहून नशिबाला बोल लावीत नाही. खांद्यावर फावडे टाकतो आणि चारीच्या कडेने वर चालू लागतो. जिथपर्यंत पाणी आहे, तिथून पुढे बिघाड, हा त्याचा साधा हिशेब. आज घरातल्या टीव्हीच्या बाबतीत हाच हिशेब मला सांगायचा आहे.

छतावर छत्री आणि टीव्हीजवळ बॉक्स, हे आता घरोघर दिसते. पुष्कळ बॉक्सना घरातले वायफायही जोडता येते. मग एखाद्या संध्याकाळी पडद्यावर अक्षरे येतात, की इंटरनेट नाही. लगेच कोणीतरी पत्र्यावर चढतो आणि छत्री हलवतो. नेट तर येत नाहीच, पण चांगली दिसणारी चित्रेही जातात!

असे का होते? आपल्या एकाच रानाला विहिरीचेही पाणी असते आणि कालव्याचेही. तसेच या बॉक्सचे आहे. चित्रे येतात सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाकडून. फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे, म्हणून आपल्या भागात त्याची छत्री आग्नेयेला तोंड करून असते. ती थोडी सरकली तरी नेम चुकतो. वायफाय मात्र येते घरातल्या राउटरकडून. त्याचा छत्रीशी काही संबंध नाही. कालव्याचे आवर्तन बंद झाले म्हणून कोणी विहिरीची मोटार खोलतो का?

तेव्हा नेट गेले, की आधी मोबाइल घ्या. त्यातला मोबाइल डेटा बंद करा, नाहीतर तो स्वतःच्या रेंजवर चालेल आणि आपण फसू. मग घरचे वायफाय लावून बॉक्सशेजारी उभे राहा. नेट चालले, तर पाणी बांधापर्यंत आलेले आहे, दोष बॉक्समध्ये. तिथे वायफायचे जुने नाव काढून टाका आणि परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, पुन्हा भरा. इंग्रजी मोठी-लहान अक्षरे तंतोतंत हवीत. बॉक्सला मागून डोंगल लावलेले असेल, तर तेही काढून परत घट्ट बसवा.

मोबाइलवरही नेट नसेल, तर राउटरजवळ जाऊन पाहा. तिथे चालते, पण टीव्हीपाशी चालत नाही, असे झाले तर आडवी आहे ती भिंत. जाड दगडी भिंत, लोखंडी कपाट, पत्रा यांनी लहरी अडतात. राउटर उंच, मोकळ्या जागी ठेवा. राउटरवर २.४ आणि ५ अशी दोन नावे दिसत असतील, तर २.४ घ्या. ५ चे वेगवान खरे, पण भिंतीपुढे लवकर दमते. आणि साध्या डोंगलला ते पुष्कळदा दिसतही नाही. बॉक्सला वायरची जागा असेल, तर वायर सर्वांत भरवशाची.

राउटरजवळही नेट नाही? मग रिचार्ज संपला का, ते बघा. लाईट जाऊन आली असेल, तर राउटर आणि बॉक्स दोन्ही बंद करा. आधी राउटर लावा, दोन-तीन मिनिटे थांबा, मग बॉक्स. राउटर जागा होण्याआधीच बॉक्स त्याला शोधू लागतो आणि हात टेकतो. राउटरच्या बारीक छिद्रात मात्र टाचणी खुपसू नका. त्याने आतली सगळी मांडणी पुसली जाते. एवढे करूनही जमले नाही, तर कारागिराला बोलवा आणि काय काय पाहिले ते सांगा. त्याचा वेळ वाचेल, तुमची खेपही वाचेल.

उलट, जोराच्या पावसात चित्र गेले आणि नेट चालू राहिले, तर तो आकाशाकडचा अडथळा. पाऊस ओसरला की चित्र येते. ओल्या पत्र्यावर जीव धोक्यात घालू नका.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुम्हांला एक विनंती. २०२० साली जाहीर झालेल्या पीएम ई-विद्या योजनेच्या इयत्तावार वाहिन्या फ्री डिशवर इंटरनेटशिवाय दिसतात. नेटच्या नादात छत्री हलली, तर पोराचा तो पाठही बुडतो. म्हणून ही तपासणी सातवी-आठवीच्या मुलांकडून एकदा वर्गात करून घ्या. घरी जाऊन तीच वडिलांना पत्र्यावरून खाली उतरवतील.