तबकडीची दुसरी बाजू

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा अल्बम 1973च्या मार्चमध्ये आला. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत तो ध्वनिमुद्रित झाला. मोबाइलवर तो सलग 43 मिनिटं वाजतो, पण त्याची बांधणी आहे तबकडीच्या दोन बाजूंची.

सुई टेकली की आधी बारीक खरखर, मग हृदयाचे ठोके. पहिली बाजू संपते ती क्लेअर टॉरी यांच्या शब्दांविना आर्त गाण्याने. मग खोलीत शांतता. उठायचं, तबकडी अलगद उलटायची, आणि कानावर येतो नाण्यांचा खणखणाट! ‘मनी’ सुरू झालेलं असतं. नाटकाच्या मध्यंतरासारखी ही विश्रांती डिजिटलमध्ये हरवते.

डिजिटल आवाज अधिक स्वच्छ, हे मान्यच. तबकडीवर धूळ बोलते, खाचेचा वेग मध्याकडे कमी होत जातो, तसा बारकावाही थोडा घटतो. पण इथे गाणं पुढे ढकलायला बटण नसतं, म्हणून ऐकणं पूर्ण होतं.

घरच्या माळ्यावर जुना रेकॉर्ड प्लेअर असेल, तर सुई तेवढी नवी बसवा. घासलेली सुई तबकडी खराब करते.