दूरचा मुलूख आणि वास्तव्याचा करारनामा



ऊर्जा-व्यवसायातील मराठी अभियंते आणि तंत्रज्ञ यांच्या या अधिवेशनाचे अध्यक्षपद माझ्याकडे सोपविताना आपण माझ्या विद्वत्तेपेक्षा माझ्या वयाचाच अधिक विचार केला असावा, आणि तो योग्यच होता. कारण तरुण मंडळी जे प्रश्न विद्वानांपुढे नेण्यास कचरतात, ते वय झालेल्या माणसापुढे निःसंकोचपणे मांडतात. अशा प्रश्नांपैकी एक अलीकडे इतक्या वारंवार कानी येतो की आजचे भाषण त्यालाच द्यावे असे मी ठरविले. औष्णिक केंद्रात काही वर्षे काढलेला अभियंता असो, की औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडलेला जोडारी असो, तो विचारतो, "सर, व्हिसा स्पॉन्सर करणाऱ्या एनर्जी कंपन्यांची यादी मिळेल का? गाव कितीही लांब असलं तरी चालेल."

यातले शेवटचे वाक्य तो सवलत देत असल्याप्रमाणे उच्चारतो. वास्तविक त्याच्या हाती असलेले सारे भांडवल तेच आहे. ज्या ठिकाणी त्या देशाचे नागरिक स्वतः वस्ती करून राहण्यास नाखूश असतात, अशा ठिकाणी आयुष्याची काही वर्षे देण्याची तयारी, आणि त्या मोबदल्यात त्या देशात कायम राहण्याचा हक्क, असा हा सौदा आहे. आणि सौदा म्हटला की दोन्ही बाजूंची गरज किती, हे ओळखल्यावाचून भाव ठरत नाही. सारे जग फिरण्यास आज अवकाश नाही, म्हणून मी ऑस्ट्रेलियाचेच उदाहरण घेतो. कारण हा सौदा त्या देशाने पाऊणशे वर्षांपूर्वीच, अत्यंत उघडपणे आणि प्रचंड प्रमाणावर केला होता.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा युरोपातील छावण्यांत लक्षावधी निर्वासित खितपत पडले होते, आणि ऑस्ट्रेलियाला धरणे, रेल्वे आणि कारखाने यांसाठी माणसे हवी होती. १९४७ मध्ये त्या सरकारने आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेशी करार केला आणि पुढील काही वर्षांत सुमारे एक लाख सत्तर हजार माणसे नेली. अट एवढीच, की सरकार सांगेल त्या ठिकाणी आणि सांगेल ते काम दोन वर्षे केले पाहिजे. १९४९ मध्ये आरंभ झालेली आणि १९७४ मध्ये पूर्ण झालेली स्नोई पर्वतातील जलविद्युत् योजना याच व्यवस्थेच्या बळावर उभी राहिली. सोळा मोठी धरणे, सात वीजकेंद्रे आणि सुमारे १४५ किलोमीटर लांबीचे बोगदे, असा तिचा पसारा; तिच्यावर तीसहून अधिक देशांतील एक लाखाहून अधिक माणसे राबली, त्यांत दोनतृतीयांश परदेशातून आलेली होती, आणि १२१ जणांनी तेथे प्राण गमावले. आपल्याकडे कोयनेचे बोगदे खणले जात होते तोच हा काळ. पण कोयनेवरच्या माणसाला स्नोईवर जाण्याची वाट मात्र बंद होती, कारण १९०१ च्या कायद्यापासून चालत आलेले श्वेत ऑस्ट्रेलियाचे धोरण १९७३ पर्यंत पुरते मोडीत निघाले नव्हते.

या इतिहासातील एक गोष्ट मनात ठेवण्यासारखी आहे. त्या निर्वासितांत डॉक्टर होते, अभियंते होते, वकीलही होते; परंतु पुरुषांची नोंद सरसकट 'मजूर' अशीच झाली, आणि पदव्यांचे दस्तऐवज पेटीच्या तळाशी पडून राहिले. आजचा कायदा पुष्कळ सभ्य झाला आहे. तथापि दूर जाण्याच्या बदल्यात वास्तव्य, हा त्याचा गाभा बदललेला नाही.

नोव्हेंबर २०१९ पासून अमलात आलेला ४९४ क्रमांकाचा व्हिसा पाहावा. मालकाने नाव सुचवावयाचे, अर्जदाराचे वय सामान्यतः पंचेचाळीसच्या आत असावयाचे, त्या धंद्यातील किमान तीन वर्षांचा अनुभव आणि कौशल्य-परीक्षणाचा दाखला जोडावयाचा; मुदत पाच वर्षांची, आणि तीन वर्षे अटींप्रमाणे राहून काम केले, कर-आकारणीच्या नोटिसा सादर केल्या, की १९१ क्रमांकाच्या कायम वास्तव्याच्या व्हिसासाठी अर्ज. राहणे आणि काम करणे मात्र 'प्रादेशिक' म्हणून मुकर्रर केलेल्या भागातच. आता सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन ही तीन महानगरे वगळली तर उरलेला सारा खंड या व्याख्येत बसतो. वीस लाखांहून अधिक वस्तीचे पर्थ शहरसुद्धा सरकारी दप्तरी प्रादेशिक ठरते! पुणेकरांनी यावर हसू नये. आपल्या सवलतींचे नकाशेही असेच निघतात.

आमच्या तरुणांच्या नजरेतून हमखास सुटणारी अट वेगळीच आहे: ज्या जागेसाठी नाव सुचविले जाते ती जागा निदान पाच वर्षे टिकण्याजोगी असली पाहिजे. या एका वाक्याने निम्मा बाजार बाद होतो. प्रकल्पाची उभारणी चालू असता हजारो माणसे लागतात, जाहिराती झळकतात, वेतनाचे आकडे डोळे दिपवितात. पण उभारणी संपली की ती जागाही संपते. वायूचा कारखाना उभारणाऱ्यापेक्षा तो पुढे तीस वर्षे चालता ठेवणारा, म्हणजे उपकरण-तंत्रज्ञ, संरक्षण-रिले तपासणारा, झोतयंत्रांची निगा राखणारा माणूसच या व्हिसाच्या चौकटीत नीट बसतो. देखभालीचे काम आपल्याकडे दुय्यम मानले जाते. तेथे वास्तव्याचे दार तेच उघडते.

दुसरा भ्रम दूरत्वासंबंधी. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळील बॅरो बेटावर गॉर्गन हा प्रचंड वायुप्रकल्प आहे. २०१६ साली तेथून द्रवरूप वायूचे पहिले जहाज सुटले. त्याहून दुर्गम जागा शोधून सापडणार नाही, म्हणून तेथे परदेशी माणसाची निकड सर्वाधिक, असे कोणासही वाटेल. परंतु त्या बेटावर गाव नाही. कामगार विमानाने येतात, पाळी संपली की विमानाने घरी जातात, आणि या पद्धतीला तिकडच्या बोलीत 'फायफो' म्हणतात. ज्याचे बिऱ्हाड पर्थमध्ये आहे असा नागरिक या पद्धतीने कोणत्याही वाळवंटात कामाला नेता येतो. मग मालकाने परदेशी माणसासाठी कागदपत्रांचा खटाटोप का करावा? याउलट काराथा, पोर्ट हेडलँड, ब्रूम अशा गावांत वीज पुरविणारी, दुरुस्तीच्या कार्यशाळा चालविणारी, शीतकरणाची आणि उच्चदाबाची कामे घेणारी जी आस्थापने आहेत, त्यांना गावातच बिऱ्हाड करणारा माणूस लागतो, आणि तो मिळता मिळत नाही. प्रख्यात कंपन्यांच्या दारी अर्जांचे ढीग लावण्यापेक्षा या अप्रसिद्ध मक्तेदारांची दारे ठोठवावी, असे माझे मत आहे.

जाहिरात वाचण्याचीही एक रीत आहे. परदेशी माणसाचे नाव सुचविण्यापूर्वी ती जागा स्थानिकांसाठी निदान २८ दिवस जाहीर केलेली असावी असे कायदा म्हणतो. त्यामुळे आपल्या हाती लागलेली जाहिरात मुळात आपल्यासाठी नसतेच. तीत 'देशात काम करण्याचा निर्बंधरहित हक्क आवश्यक' असे छापलेले असेल तर पत्रव्यवहार व्यर्थ होय. मात्र तीच जागा दोनचार महिने पुनःपुन्हा जाहीर होत असेल तर मालक अडचणीत आहे असे समजावे, आणि दाखले जोडून, पगाराची घासाघीस न करता, थेट लिहावे. वेतनाची किमान मर्यादा कायद्यानेच घातलेली आहे (१ जुलै २०२५ पासून वर्षाला ७६,५१५ डॉलर), आणि बाजारभावाहून कमी देण्यास मुभा नाही. तेव्हा 'मी स्वस्तात येतो' हे आमिष तेथे निरुपयोगी आहे.

दाखल्यांचे प्रकरण स्वतंत्र अधिवेशनाचा विषय व्हावे. अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर-मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा भारत २०१४ मध्ये पूर्ण सदस्य झाला. परंतु त्याचा लाभ राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाने प्रथम श्रेणीत मान्य केलेल्या अभ्यासक्रमांपुरताच आहे, आणि विद्यापीठाला संलग्न असलेली आपली बहुसंख्य महाविद्यालये त्या श्रेणीत येत नाहीत. ज्याची पदवी तीत बसत नाही त्याला 'इंजिनीअर्स ऑस्ट्रेलिया' या संस्थेपुढे स्वतःच्या कामाचे सविस्तर प्रतिवृत्त मांडावे लागते, आणि ते भाड्याने लिहून घेण्याची दुकाने आपल्या शहरांत निघाली आहेत, ही लाजिरवाणी गोष्ट मी या व्यासपीठावरून नमूद करतो. पकडले गेले तर अर्ज तर बुडतोच, शिवाय पुढील दारेही बंद होतात. वीजतंत्र्याची वाट त्याहून खडतर: कौशल्य-परीक्षणानंतरही राज्याचा परवाना मिळेपर्यंत स्वतंत्रपणे तार जोडण्यास त्याला मनाई असते. याउलट ज्यांनी मुंबई हायवर वर्षे काढली आहेत, जुहूहून हेलिकॉप्टरने जाऊन पंधरा पंधरा दिवस समुद्रातील प्लॅटफॉर्मवर राहिले आहेत, ज्यांना लेखी परवान्यावाचून पाना न उचलण्याची सवय आहे, त्यांनी आपला अनुभव 'सर्व प्रकारची कामे केली' अशा एका ओळीत का उरकावा, हे मला कळत नाही. यंत्राचे नाव, त्याची क्षमता, बिघाड कोणता आणि तो कसा काढला, हे लिहावे.

पैशाविषयी थोडक्यात. डिसेंबर २०१५ पासून तेथे व्हिसाच्या पुरस्कारासाठी पैसे मागणे बेकायदेशीर आहे, आणि देणेही. मालकाने भरावयाचा प्रशिक्षण-निधी, या व्हिसासाठी उलाढालीनुसार तीन किंवा पाच हजार डॉलर, नोकराकडून वसूल करता येत नाही. म्हणून कोणी दलाल 'स्पॉन्सरशिप आणून देतो' म्हणून लाखांचा आकडा सांगेल, तर तो आपल्याला गुन्ह्यात भागीदार करून घेत आहे, एवढे ध्यानी धरावे. दुसरी चांगली गोष्ट १ जुलै २०२४ पासूनची: नोकरी सुटली तर नवा मालक शोधण्यास पूर्वी या व्हिसावर ९० दिवस मिळत, आता एका वेळी १८० मिळतात. जुलूम सोसत तेथेच चिकटून राहण्याचे एक कारण त्यामुळे क्षीण झाले आहे.

तरीही कायदा जेथे पोहोचत नाही अशी एक जागा उरते. काराथा हे पर्थपासून सुमारे पंधराशे किलोमीटरवरचे, १९६८ मध्ये खाणकामगारांसाठी वसविलेले गाव. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत वादळांचा मोसम, आणि उन्हाळा असा की त्याच प्रदेशातील मार्बल बार येथे १९२३-२४ मध्ये सलग १६० दिवस रोजचे कमाल तापमान शंभर अंश फॅरनहाइटच्या खाली उतरले नाही. अशा गावांत घरे थोडी आणि भाडी भरमसाट, त्यामुळे अनेकदा घरही मालकच देतो. मुलाखतीच्या शेवटी "तुम्हाला काही विचारायचे आहे काय?" असे विचारले जाते तेव्हा आमचा उमेदवार संकोचाने "नाही" म्हणतो. त्याने शाळेविषयी विचारावे, पत्नीला तेथे काम मिळेल काय ते विचारावे, आणि नोकरी संपल्यास घर किती दिवसांत रिकामे करावे लागेल हे तर अवश्य विचारावे. कारण सरकारने दिलेले १८० दिवस मुलाबाळांसह कोठे काढावयाचे, हे त्या एका उत्तरावर अवलंबून असते. ते उत्तर करारनाम्यात लिहून मागावे, आणि लिहून येईपर्यंत येथील राजीनामा खिशातच ठेवावा.